मावशीच्या नावानं गेलेले मेसेज

मामाचा फोन आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कामाच्या वेळात मामा फोन करत नाही, आणि केलाच तर आधी वेबसाइटला दोन शिव्या हासडतो. त्या दिवशी शिवी नाही, काही नाही. "ये जरा इकडे," म्हणाला, "आणि मावशीला कळू देऊ नकोस."

मावशी म्हणजे मामाची सख्खी थोरली बहीण. माझी आई सगळ्यांत मोठी, मग मावशी, मग शेंडेफळ मामा. मामाचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, दोन शिकवणारे आणि रस्त्याकडे तोंड केलेलं एक ऑफिस. ऑफिसात काउंटरवर मावशी. फोन घेणं, तास लावणं, पहिल्यांदा गाडी बंद पडली म्हणून रडत आलेल्यांना पाणी देणं, सगळं तीच करायची. तिचे यजमान गेल्यापासून तिचा दिवस आणि तिचं घर, दोन्ही त्या काउंटरवर चालत होतं. शिकायला येणारा विशीतला असो की साठीतला, तिला मावशीच म्हणायचा. त्यामुळे वेबसाइटमध्येही तिचं नाव 'मावशी' असंच घातलं होतं. मामा 'मालक', शिकवणारे दोघं 'लांब्या' आणि 'बुवा', आणि मी 'भाची'. स्कूलचे तास लावायची ही वेबसाइट आम्ही बनवलेली, म्हणजे मी आणि धंद्यातल्या माझ्या पार्टनरनं.

मामानं मला ऑफिसात नेलंच नाही. मागे उभ्या असलेल्या गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि फोन माझ्या हातात दिला. एका विद्यार्थिनीनं त्याला मेसेजचा फोटो पाठवला होता. 'तुमचा उद्याचा तास रद्द झाला आहे. – मावशी.' खाली तिनं लिहिलं होतं, की असं तिसऱ्यांदा झालंय आणि आता मी दुसरीकडे शिकते.

"दुसरीकडे म्हणजे कुठे, विचार," मामा म्हणाला.

"कुठे?"

त्यानं हनुवटीनं समोर दाखवलं. चौकाच्या पलीकडे नवीन पाटी लागली होती, नवीन गाडी उभी होती. ते स्कूल मावशीच्या जावयाचं. उघडून फार दिवस झाले नव्हते, पण शिकाऊ मंडळी तिकडे बरी दिसत होती.

"अशी एक नाही, बरीच गेली," मामा म्हणाला. "मेसेज इथून जातो, माणूस तिथे जातो. आता तूच सांग, दोन आणि दोन किती होतात?" बोलता बोलता तो शिकवणाऱ्याच्या बाजूचा जादा ब्रेक दाबत होता, जणू गाडी चालू आहे.

"तू रद्द करत नाहीस ना?"

"मी कशाला रद्द करू? मी वेडा आहे?"

"लांब्या? बुवा?"

"त्यांना विचारलं. दोघंही नाही म्हणतात. आणि मेसेजखाली नाव आहे ना! ते नाव घालायला तुला मीच सांगितलं होतं. लोकांना वाटायला नको मशीन बोलतंय म्हणून."

ते खरं होतं. मेसेजखाली माणसाचं नाव हवं, हा मामाचाच हट्ट. मेसेज दहा मिनिटं थांबून जावा हाही त्याचाच, कारण चुकून काही दाबलं गेलं तर परत घ्यायला वेळ मिळावा. दोन्ही गोष्टी पंडितनं, म्हणजे माझ्या पार्टनरनं, करून दिल्या होत्या. पंडित हे त्याचं खरं नाव नाही. साधा प्रश्न विचारला तरी तो प्रवचन देतो म्हणून ते पडलेलं.

"तू आत जाऊन बस," मामा म्हणाला. "वेबसाइट दुरुस्त करायला आल्यासारखी. आणि मला छातीठोक सांग, ती करतेय की नाही. आपलेच दात आपलेच ओठ, कोणाला बाहेर बोलता येत नाही."

संशय घेणं हा माझा धंदाच आहे. दिवसभर मी दुसऱ्याच्या कोडमध्ये खोट शोधते आणि त्याचे पैसे घेते. घरी आल्यावर ते बटण बंद होत नाही. नवरा म्हणतो, तुला देवानं डोळ्यांऐवजी दोन भिंगं दिलीत. मी मावशीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि भिंगं कामाला लावली.

मावशीनं माझ्यापुढे चहा ठेवला. "काय बिघडलंय ग?" तिनं विचारलं.

"काही नाही, उगाच बघते."

"उगाच बघायला तू येत नाहीस," ती म्हणाली आणि हसली. मला ते हसू ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. आता आठवलं तर ते तिचं नेहमीचं हसू होतं, पण तेव्हा मला तसं दिसायचं नव्हतं.

मी बघत राहिले. मावशी सारखी खिडकीतून चौकापलीकडे बघत होती. फोन वाजला की उठून दारात जात होती. आणि दोन फोनांच्या मधे तिचं एक बोट सतत रिफ्रेशच्या बटणावर. पान ताजं करायची, वाचायची, पुन्हा ताजं करायची.

"इतक्यांदा काय दाबतेस?" मी विचारलं.

"माझा नाही विश्वास या पानावर. मी बघत नसले की ते जुनंच दाखवत बसतं. एखाद्याचा तास आला आणि मला दिसलाच नाही तर? पोरं ताटकळत उभी राहतात उन्हात."

मला वाटलं, ही सारखं काय शोधतेय? कुठला तास उडवायचा ते?

मग मी गेलेले मेसेज उघडले. तासभर वाचले. तास रद्द झाल्याचे जवळजवळ सगळे मेसेज 'मावशी' या नावानं गेले होते. एखादा लांब्याचा, एखादा बुवाचा, बाकी मावशीच. खरं सांगते, मला बरं वाटलं. पुरावा हाती लागला की मला बरंच वाटतं, तो कोणाविरुद्ध आहे हे नंतर सुचतं.

"मावशी, तुझा पासवर्ड अजून कोणाला माहीत आहे?"

"छे. तूच तर बजावलं होतंस, कोणाला सांगायचा नाही. मी जावयाला सांगितला नाही, मुलीला नाही."

"कधी मशीन उघडं टाकून उठतेस?"

"कधीच नाही. जेवायला गेले तरी बंद करून जाते."

बिचारीनं स्वतःच्या सुटकेच्या सगळ्या वाटा स्वतःच्या हातानं बुजवल्या. खोटं बोलणाऱ्या माणसानं निदान एखादी फट ठेवली असती. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

शेवटी मी सरळच विचारलं. "तास रद्द कोण करतंय?"

तिनं बोट बटणावरून उचललं. "मी नाही ग. मी पण हेच विचारतेय सगळ्यांना. पोरं मला फोनवर नको नको ते बोलतात. मी म्हणते मी नाही केलं, तर म्हणतात, तुमचं नाव आहे खाली."

"मग नाव कसं येतं?"

"ते मी तुला विचारायचं की तू मला?"

बरोबर होतं तिचं. पण त्या वेळी मला ते उलट उत्तर वाटलं. मी मागे जाऊन मामाला सांगितलं, "नाव तिचंच येतंय. दुसऱ्या कोणाला पासवर्ड माहीत नाही." 'तीच करतेय' असं मी म्हणाले नाही. पण मामाला कुठे फरक पडणार होता, आणि मला ते ठाऊक होतं.

मामा तडक आत गेला, मागोमाग मी. माझी अपेक्षा होती आरडाओरडा होईल. तसलं काही झालं नाही, आणि तेच वाईट झालं. "ताई," तो म्हणाला, "जावयाचं भलं करायचं तर माझ्याकडून पैसे मागायचे होतेस. माझी माणसं कशाला पळवलीस?"

मावशीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी स्क्रीनकडे बघितलं.

"तुला असं वाटतं?" तिनं त्याला विचारलं.

"वाटायचा प्रश्न नाही. समोर दिसतंय."

तिनं किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. चहाचा कप धुऊन पालथा घातला, पर्स घेतली आणि गेली. बुवा एका पोराला गाडी मागे घ्यायला शिकवत होता, तो शिकवायचं थांबून तिच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसायला माणूस नव्हता. मामा म्हणाला, आजच्या दिवस बस. मी बसले, माझ्या नावानं पान उघडलं आणि मीही बोट रिफ्रेशवर ठेवलं. माझा हेतू वेगळा होता. मावशी घरून फोनवरून काही करते का, ते मला रंगेहाथ पकडायचं होतं. मी पान ताजं करत होते, बघत होते, पुन्हा ताजं करत होते. दुपार झाली तरी मावशीचं नाव कुठे उमटलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, घरी बसली तर सगळं कसं शांत.

आणि फोन वाजला. एक गृहस्थ होते, चांगले तापलेले.

"ही भाची कोण?"

"मीच. बोला."

"माझा उद्याचा तास तुम्ही कुठल्या आनंदात रद्द केलात?"

"मी नाही केला."

"मॅडम, मला वाचता येतं. 'तुमचा उद्याचा तास रद्द झाला आहे, भाची.' काल मावशी, आज भाची. घरातल्या सगळ्या बायका मिळून माझ्याच मागे लागल्यात का?"

मी पुन्हा म्हटलं, मी नाही केला. ते म्हणाले, मग तुमचं नाव कसं? आणि त्यांनी फोन ठेवला. कालचं मावशीचं वाक्य मी शब्दाला शब्द बोलले होते, आणि माझ्यावरही कोणी विश्वास ठेवला नव्हता.

आता मी केलं ते आदल्या दिवशीच करायला हवं होतं. मी मेसेज वाचायचे सोडून ते मेसेज पाठवणारा कोड उघडला. पंडितचा कोड मी कधी नीट तपासत नाही, कारण तपासला की तो रुसतो.

गोष्ट साधी होती. 'आत्ता कोण काम करतंय' हे नाव पंडितनं एका क्लासवर, म्हणजे कोडमधल्या एका साच्यावर, स्टॅटिक म्हणून ठेवलं होतं. स्टॅटिक म्हणजे माणसागणिक वेगळं नाही, सगळ्यांत मिळून एकच. कोणीही पान उघडलं किंवा ताजं केलं की त्या एकाच जागी त्याचं नाव बसायचं आणि आधीचं जायचं. इथपर्यंतही चाललं असतं. पण मेसेज दहा मिनिटं थांबून जायचा, आणि त्या थांबलेल्या कामासाठी त्यानं एक क्लोजर लिहिलं होतं, म्हणजे आत्ता तयार करून नंतर चालवायचं छोटं फंक्शन. क्लोजर तयार होताना आजूबाजूच्या गोष्टी गाठीला बांधून घेतं, ही त्याची ख्याती. विद्यार्थ्याचा नंबर, तासाची वेळ, हे सगळं त्यानं नीट बांधून घेतलं होतं. नाव तेवढं घेतलं नव्हतं. नाव ते दहा मिनिटांनी, निघताना, क्लासकडे जाऊन विचारत होतं. तेव्हा तिथे ज्याचं नाव असेल ते मेसेजखाली जायचं.

म्हणजे तास रद्द कोणीही करो, दोषी कोण, तर ज्यानं शेवटी पान ताजं केलं तो. आणि सगळ्यांत जास्त वेळा पान कोण ताजं करायचं, तर पोरं उन्हात ताटकळू नयेत म्हणून जीव टाकणारी मावशी.

मी पंडितला फोन लावला.

"क्लोजरला सगळं लक्षात राहतं," तो सुरू झाला, "ते जिथे जन्मतं तिथलं—"

"स्टॅटिक राहतं का?"

"स्टॅटिक तर कुठूनही वाचता येतं. तीच तर सोय आहे."

"वाचता येतं रे बाबा, पण कधीचं वाचता येतं? तयार केलं तेव्हाचं की चालवलं तेव्हाचं?"

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट सुरू झाला. प्रवचन अर्ध्यात सोडून पंडित स्वतःचा कोड वाचतोय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी एकट्यानं तपासलं होतं," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा नाव बरोबर येत होतं."

"एकट्यानं तपासलंस तर तुझंच नाव येणार. दुसरं कोण होतं तिथे?"

"कोणाचं काही नुकसान झालं का?" त्यानं विचारलं. मी फोन ठेवला. रागावून बोलले असते तर तो राग निम्मा माझाच माझ्यावर होता.

दुरुस्ती एका ओळीची होती. क्लोजर तयार व्हायच्या आधी नाव साध्या चलात, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या कप्प्यात, काढून घ्यायचं आणि आत ते चल वापरायचं. मी ओळ घातली आणि वाट बघत बसले. आता ज्याचं नाव येईल तो खरा. माझा डोळा लांब्यावर होता, कारण तो सकाळपासून माझी नजर टाळत होता.

थोड्या वेळानं एक मेसेज निघाला. 'तुमचा उद्याचा तास रद्द झाला आहे. – मालक.'

मला वाटलं माझी दुरुस्तीच चुकली. मी पुन्हा कोड वाचला. चुकली नव्हती. मागच्या खोलीत गेले तर मामा चहा पीत बसला होता आणि फोन मांडीवर होता.

"मामा, मघाशी फोनवर काय करत होतास?"

"कुठे काय. त्या चष्मेवाल्या बाईंना बुवाकडून काढलं. लांब्याकडे टाकतोय. बुवाच्या ओरडण्यानं त्या घाबरतात."

"टाकतोयस की टाकलंस?"

"टाकतो ना, चहा तर होऊ दे. लांब्याला विचारावं लागेल कुठली वेळ मोकळी आहे."

"पण काढलंस कसं?"

"कसं म्हणजे? पुसलं." त्यानं फोन पुढे करून 'रद्द करा' हे लाल बटण दाखवलं. "वेबसाइटच्या आधी तास फळ्यावर लिहायचो, तेव्हा आयुष्यभर असंच केलं मी. आधी पुसायचं. जागा मोकळी दिसली की डोकं चालतं. मग चहा प्यायचा आणि नवीन लिहायचं."

फळा पुसला तर कोणाला मेसेज जात नसे. मामा रोज दुपारी तास पुसायचा, चहा प्यायचा, शिकवणाऱ्यांशी बोलायचा आणि अर्ध्या-पाऊण तासानं नवीन वेळ घालायचा. तोवर रद्द झाल्याचा मेसेज पोचलेला असायचा, आणि नवीन वेळेचा मेसेज बाकी सगळ्यांबरोबर संध्याकाळी जायचा. मधल्या वेळात चिडलेला माणूस चौकात यायचा तर पलीकडे नवी कोरी गाडी उभी. मावशीला कट करायची गरजच नव्हती. मामानं मला विचारल्यावर 'मी कशाला रद्द करू' म्हटलं तेही खरंच होतं. त्याच्या लेखी तो फळा पुसत होता.

मी त्याला सगळं दोनदा समजावून सांगितलं. पहिल्यांदा त्यानं ऐकलं नाही, दुसऱ्यांदा ऐकलं.

"म्हणजे मीच?" तो म्हणाला.

"तूच. आणि नाव तिचं."

"आणि तू सांगितलंस, नाव तिचंच येतंय म्हणून."

"हो. सांगितलं."

आम्ही एकमेकांवर डाफरून मोकळे होऊ शकलो असतो, घरात तीच पद्धत आहे. पण मामानं पायात चपला सरकवल्या. "चल," म्हणाला. "घरी असेल ती. पाय धरतो तिचे."

ती घरी नव्हती. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, मुलीकडे गेल्यात वाटतं. मुलीकडे फोन केला, तर मुलगी म्हणाली, "आई स्कूलमध्ये आहे. आमच्या."

चौक ओलांडताना मामाचा चेहरा पडला तसाच माझ्या मनात जुना किडा वळवळला: बघ, खरंच होतं की काय! दुरुस्ती माझ्या हातानं केली होती, सगळं उलगडून डोळ्यांसमोर होतं, तरी वळवळला. त्या क्षणी मला माझी किळस आली.

मावशी जावयाच्या काउंटरवर बसली होती. आम्हाला बघून जावई उठला, खुर्च्या पुढे केल्या आणि "मी जरा गाडी बघतो" म्हणून बाहेर सटकला. शहाणा माणूस.

"ताई, चूक झाली," मामा उभ्या उभ्याच म्हणाला. "वेबसाइटमध्ये घोळ होता. रद्द मीच करत होतो आणि नाव तुझं जात होतं. हिनं शोधून काढलं."

"बरं झालं," मावशी म्हणाली.

"मशीनची चूक, ताई."

"मशीननं किल्ल्या ठेवायला लावल्या का मला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तुला पण वाटलं ना, मीच केलं म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. "वाटलं," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला, कारण रडायचा हक्क तिचा होता.

"काल मी नाही म्हटलं तर पटलं नाही," ती म्हणाली. "आज मशीन म्हणालं, तर पळत आलात."

"झालं ते झालं. चल परत," मामा म्हणाला. "तुझी खुर्ची तशीच आहे. पाहिजे तर सगळ्यांना मी माझ्या नावानं मेसेज पाठवतो, मावशीची चूक नव्हती म्हणून."

"पाठव. माझ्यासाठी नको, पोरांसाठी पाठव. त्यांचा खोळंबा झालाय." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "एक सांगू? हे स्कूल उघडलं त्या दिवसापासून जावई म्हणतात, आई, आमच्याकडे बसा. मुलगी रडून सांगायची. मी दर वेळी एकच उत्तर द्यायचे. म्हणायचे, माझा भाऊ डोळे मिटून माझ्यावर सोपवतो, त्याला सोडून मी येणार नाही. काल त्यांनी परत विचारलं. मी तेच सांगायला तोंड उघडलं आणि मला ते बोलता येईना."

मामानं काउंटरची कड धरली. तेवढ्यात फोन वाजला. मावशीनं तो उचलला आणि जावयाच्या स्कूलचं नाव सांगून विचारलं, "बोला, कधी यायला जमेल तुम्हाला?"